गरजेचा दाखला : अमेरिकेतील शुश्रूषागृहे, त्यांच्या खाटा आणि शासन

दाखला हा शब्द आपल्या माणसाला नवा नाही. शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आणि जातीचा दाखला खरा आहे असे सांगणारा आणखी एक दाखला. तहसील कचेरीच्या ओट्यावर ज्याचे उभे दिवस गेले नाहीत असा आपला विद्यार्थी विरळाच. ज्याला गरज आहे त्यानेच ती सिद्ध करायची, हा या सर्व कागदांमागचा न्याय. अमेरिकेत मात्र एक वेगळाच दाखला आहे. त्याचे नावच ‘गरजेचा दाखला’. तो गरजूला काढावा लागत नाही. ज्याला रुग्णालय किंवा शुश्रूषागृह उभारायचे आहे त्याला काढावा लागतो. मी साठ खाटा घालणार आहे आणि या भागाला त्या साठ खाटांची गरज आहे, हे त्याने राज्य सरकारपुढे आकडे मांडून पटवायचे. पटले तर बांधकाम, न पटले तर घरी बसायचे.

भांडवलदाराला शासनापुढे उभे करून ‘याची गरज काय?’ असे विचारणारा कायदा, आणि तोही अमेरिकेत! पहिल्यांदा याविषयी वाचले तेव्हा मला त्याचे मोठे कौतुक वाटले होते. पुढे त्या खाटांवर कोण निजते आणि कोण बाहेर राहते हे पाहू लागलो, तेव्हा कौतुक ओसरले. तथापि कायदा टाकाऊ आहे असेही माझे मत झाले नाही. प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे, म्हणून ते मुळापासून पाहिले पाहिजे.

आधी दोन शब्दांचा उलगडा. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हणजे एखाद्या डॉक्टरचे खाजगी छोटे रुग्णालय. बाळंतपण, अपेंडिक्स, सलाईन. अमेरिकेत तसे नाही. तेथील नर्सिंग होम म्हणजे ज्याला स्वतः अंघोळ करता येत नाही, कूस बदलता येत नाही, घास तोंडापर्यंत नेता येत नाही, अशा वृद्धाने किंवा पंगूने महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे राहायची जागा. दुसरा शब्द ‘पुनर्वसन’. तो ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे धरण आणि उठलेली गावे येतात. येथे त्याचा अर्थ खुब्याचे हाड मोडलेल्याला, अर्धांगवायूचा झटका आलेल्याला पुन्हा उभे करणे, चालायला आणि बोलायला शिकवणे. पुष्कळदा या दोन्ही प्रकारच्या खाटा एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर असतात. फरक असतो तो पैसे कोण भरणार याचा. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण सगळे रहस्य तिच्यात आहे.

नर्सिंग होमचा हा धंदा वाढला कसा? अमेरिकेत पूर्वी निराधार म्हाताऱ्यांसाठी सरकारी दरिद्रीगृहे असत. त्यांची अवस्था इतकी लाजिरवाणी होती, की १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने वृद्ध साहाय्य देताना एक अट घातली : सार्वजनिक संस्थेत राहणाऱ्याला हे पैसे मिळणार नाहीत. हेतू हा, की दरिद्रीगृहे बंद पडावीत आणि म्हातारी माणसे घरी राहावीत. पण ज्याला घरच नव्हते, किंवा घरात करायला कोणी नव्हते, तो जाणार कुठे? तो खाजगी घरमालकाकडे गेला. चार खोल्या, आठ खाटा, एक स्वयंपाकीण. सरकारचा पैसा म्हाताऱ्याच्या हातून मालकाच्या खिशात जाऊ लागला. त्याच कायद्याच्या वृद्धापकाळ विम्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले होते. दक्षिणेकडचे बहुसंख्य काळे कामकरी या दोनच कामांत होते. म्हणजे म्हातारपणी हातात निवृत्तिवेतन नाही आणि खाजगी घराचे भाडे परवडत नाही, अशी त्यांची कोंडी पहिल्या दिवसापासून झाली.

१९४६ साली हिल-बर्टन कायदा आला. रुग्णालये बांधण्यासाठी केंद्र सरकारने राज्यांना पैसा द्यायचा आणि दर हजार लोकसंख्येमागे साडेचार खाटांचे प्रमाण गाठायचे, असे त्याचे उद्दिष्ट. खाटांची गणती येथून सुरू झाली. १९५४ च्या दुरुस्तीने नर्सिंग होम आणि पुनर्वसन केंद्रांनाही हा पैसा मिळू लागला. पण कायद्यात एक कलम होते, ज्याच्यावर आपल्या वाचकाने क्षणभर थांबावे. काळ्यांसाठी ‘वेगळी पण सारखी’ सोय केली असेल, तर गोऱ्यांच्या रुग्णालयाला सरकारी पैसा घेऊनही काळ्यांना दार बंद ठेवता येत होते. वेगळे पाणवठे, वेगळ्या कपबश्या, वेगळे वॉर्ड. कायद्याच्या पुस्तकात विसाव्या शतकाच्या मध्यावर ही तरतूद होती, आणि तीही दानधर्माच्या भाषेत. हे कलम १९६३ साली सिमकिन्स खटल्यात अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. उत्तर कॅरोलायनातील ग्रीन्सबरो गावच्या काळ्या डॉक्टरांनी, दंतवैद्यांनी आणि रुग्णांनी तो लढवला होता. पुढच्याच वर्षी, १९६४ साली, नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याचे सहावे प्रकरण सांगते, की जेथे केंद्राचा पैसा जातो तेथे वंश, वर्ण पाहून भेद करता येणार नाही.

१९६५ साली दोन योजना आल्या. ‘मेडिकेअर’ ही वृद्धांची विमा योजना. ‘मेडिकेड’ ही गरिबांसाठी, केंद्र व राज्य दोघांच्या पैशांवर चालणारी. मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर भेद बंद करा, असे सांगितल्याबरोबर १९६६ साली दक्षिणेतील शेकडो रुग्णालयांनी काही महिन्यांत वॉर्ड एक केले. पैशाचा चिमटा बसला की धर्म बुडत नाही, हा अनुभव आपल्याकडेही आहे. पण नर्सिंग होमच्या बाबतीत इतकी कडक तपासणी झालीच नाही. तेथे भेदभावाला पाटी लावायची गरज उरली नव्हती. ‘खाट शिल्लक नाही’ एवढे म्हटले की पुरे होत होते.

आता खाट शिल्लक का नसते, हे पाहू.

मिल्टन रोमर या आरोग्य-अभ्यासकाने १९५९ ते १९६१ च्या सुमारास रुग्णालयांचे आकडे तपासून एक निरीक्षण मांडले. जेथे विमा आहे तेथे खाट बांधली की ती भरतेच. गरज होती म्हणून नव्हे, खाट होती म्हणून. नियोजनकारांना हे पटले. खाटा जास्त तर खर्च जास्त, म्हणून खाटांवरच लगाम घाला. १९६४ साली न्यूयॉर्क राज्याने पहिला कायदा केला : नवे रुग्णालय किंवा नर्सिंग होम बांधण्यापूर्वी गरज सिद्ध करा. १९७४ च्या राष्ट्रीय आरोग्य नियोजन कायद्याने केंद्राने सर्व राज्यांवर हीच पद्धत लादली, आणि काही वर्षांत एक लुइझियाना सोडले तर सर्वत्र गरजेच्या दाखल्याचे कायदे झाले. रीगन यांच्या काळात तो केंद्रीय कायदा रद्द करण्यात आला. १९८७ च्या आरंभापासून तो संपला. त्या सुमारास टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना यांसारख्या कित्येक राज्यांनी आपले कायदेही मोडीत काढले. तरी आज तीसहून अधिक राज्यांत ते कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आहेत, आणि नर्सिंग होमच्या खाटांवर ते सर्वांत चिवटपणे टिकले आहेत. मिनेसोटा राज्याने १९८४ साली दाखल्याची पद्धत संपवली, पण त्याच्या आदल्याच वर्षी नर्सिंग होमच्या नव्या खाटांवर सरळ बंदी घातली होती. विस्कॉन्सिनने १९८१ सालीच राज्यभराच्या खाटांना कमाल मर्यादा घातली.

रुग्णालये मोकळी आणि नर्सिंग होमवर लगाम, हे का? उत्तर साधे आहे. अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये आज सुमारे बारा लाख माणसे राहतात. त्यांतल्या दर दहांपैकी सुमारे सहा जणांचा खर्च मेडिकेड उचलते, म्हणजे राज्याच्या तिजोरीला त्याची झळ बसते. नवी खाट म्हणजे मेडिकेडवरचा नवा माणूस. ज्युडिथ फेडर आणि विल्यम स्कॅनलन या अभ्यासकांनी १९८० सालीच हे उघड करून दाखवले. दाखल्याची भाषा नियोजनाची आणि गरजेची असली, तरी राज्ये तो वापरतात मेडिकेडचा खर्च रोखण्यासाठी. ‘गरज’ किती, हे पासष्ट वर्षांवरील दर हजार माणसांमागे अमुक खाटा अशा सूत्राने ठरते. त्या सूत्रातला आकडा अखेर अर्थखात्याच्या सोयीचा असतो.

आता मालकाच्या बाजूने विचार करा. त्याच्याकडे शंभर खाटा आहेत. नवा प्रतिस्पर्धी येणार नाही, कारण सरकारच त्याला येऊ देत नाही. दारात तीन प्रकारची माणसे उभी आहेत. पहिला स्वतःच्या पैशाने राहणारा. त्याला मालक हवा तो दर लावू शकतो. दुसरा रुग्णालयातून नुकताच आलेला, मेडिकेअरवरचा, पुनर्वसनाचा रुग्ण. मेडिकेअर एका आजारपणात फार तर शंभर दिवस पैसे देते. त्यांतले पहिले वीस दिवस पूर्ण, पुढचे रुग्णाचा वाटा धरून. पण दर चांगला देते. तिसरा मेडिकेडवरचा म्हातारा किंवा म्हातारी. दर सर्वांत कमी आणि मुक्काम मरेपर्यंत. खाटा मोजक्या आहेत, तर मालक कोणाला आधी घेईल? पहिल्या दोघांना घेऊन उरलेल्या जागी तिसऱ्याला. स्कॅनलन यांनी अर्थशास्त्राच्या भाषेत हेच मांडले आहे. खाटांचा तुटवडा सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. तो पुरताच्या पुरता तिसऱ्याच्या अंगावर पडतो. त्या तिसऱ्यांतही ज्याची सेवा जड, ज्याला दोघांनी उचलावे लागते, तो शेवटी. मग तो रुग्णालयातच पडून राहतो. आजार बरा झालेला असतो, पण जायला जागा नसते.

यात वर्णाचा उल्लेख कुठेच नाही. कायद्यात नाही, सूत्रात नाही, मालकाच्या वहीतही नाही. आणि तरीही निकाल वर्णानुसारच लागतो. हे कसे घडते ते टेनेसी राज्यातल्या लिंटन खटल्याने दाखवले. माझ्या मते हा खटला आपल्या अभ्यासमंडळांतून शिकवला गेला पाहिजे.

टेनेसीतही नव्या खाटांना गरजेचा दाखला लागत होता. त्यात राज्याने मालकांना आणखी एक सवलत दिली होती. नर्सिंग होमने मेडिकेडमध्ये सामील व्हायचे, पण सगळ्या खाटांनिशी नव्हे. शंभरांतल्या चाळीसच खाटा ‘मेडिकेडच्या’ म्हणून नोंदवता येत. आणि पैसेवाला गिऱ्हाईक आला की मेडिकेडची खाट त्या यादीतून काढताही येई. खाट तीच, गादी तीच, खिडकीही तीच. फक्त नोंद बदलली. स्वतःचे पैसे संपून मेडिकेडवर आलेल्या माणसाला मग सांगता येत होते, की तुमची खाट आता मेडिकेडची नाही, दुसरीकडे जा. अशाच स्थलांतराच्या धास्तीतून १९८७ साली एका वृद्धेच्या वतीने हा दावा उभा राहिला. पुढे एक कृष्णवर्णीय वृद्धाही त्यात सामील झाली, कारण तिला आत जायलाच जागा मिळत नव्हती.

न्यायालयापुढे जे आकडे आले ते असे. राज्यातील मेडिकेडच्या लाभधारकांत काळ्यांचे प्रमाण ३९.४ टक्के होते. मेडिकेडवर नर्सिंग होमची सेवा प्रत्यक्ष मिळालेल्यांत ते फक्त १५.४ टक्के. बाकीचे गेले कुठे? निकृष्ट प्रतीच्या, देखरेख नसलेल्या भाड्याच्या घरांत, आणि ती घरे वर्णानुसार वेगळी. राज्याने युक्तिवाद केला, की काळी कुटुंबे आपल्या म्हाताऱ्यांना घरीच सांभाळणे पसंत करतात. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. ‘त्यांनाच शिकायला नको असते’, ‘त्यांनाच गावकुसाबाहेर बरे वाटते’, याच माळेतला तो मणी. न्यायालयाने तो मानला नाही. काळ्यांत दारिद्र्य अधिक, म्हणून मेडिकेडवर अवलंबून असणारे अधिक, म्हणून मेडिकेडच्या खाटा आखडल्या की त्याचा फटका काळ्यांनाच अधिक बसतो, असा १९९० चा निकाल आहे. हेतू सिद्ध करायची गरज नाही. परिणाम पुरेसा आहे. राज्याला योजना बदलावी लागली. मेडिकेडचा पैसा घ्यायचा तर सर्व खाटा नोंदवा, आणि ज्याचा अर्ज आधी त्याला प्रवेश आधी. नर्सिंग होमच्या मालकांनी अपील केले. १९९५ साली वरच्या न्यायालयातही ते हरले.

वहीतल्या एका रकान्यात भेदभाव दडून बसू शकतो आणि तो पुराव्याने बाहेर काढता येतो, हे या निकालाचे मोल आहे. पण त्या मार्गावर लवकरच दगड पडला. २००१ साली सँडोव्हल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की सहाव्या प्रकरणाखाली केवळ ‘परिणाम’ दाखवून खाजगी व्यक्तीला न्यायालयात जाता येणार नाही. हेतूच सिद्ध करावा लागेल. आणि हेतू कोण लिहून ठेवतो? लिंटनसारखा खटला त्याच पायावर आज कोणा म्हातारीला उभा करता येणार नाही.

भेद मिटला का? पुढच्या काळातील अभ्यास सांगतात, की जी नर्सिंग होम जवळजवळ पूर्णपणे मेडिकेडवर चालतात, जेथे परिचारिका कमी आणि तपासणीत सापडलेल्या उणिवा जास्त, त्या खालच्या थरात काळ्यांचा भरणा अधिक आहे. डेव्हिड बार्टन स्मिथ आणि व्हिन्सेंट मोर यांच्या पाहणीत ही विभागणी सर्वांत तीव्र आढळली ती दक्षिणेत नव्हे, तर मिलवॉकी, डेट्रॉइट, क्लीव्हलँड अशा उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांत. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा ज्या नर्सिंग होममध्ये काळ्या रहिवाशांचे प्रमाण मोठे तेथे लागणही अधिक झाली. आणि या खाटांवरच्या माणसांना उचलणाऱ्या, पुसणाऱ्या, भरवणाऱ्या मदतनीस बायांतही काळ्यांचा वाटा फार मोठा आहे, हे विसरून चालणार नाही. साथीनंतर तर गणितच फिरले. पुष्कळ ठिकाणी खाट रिकामी आहे, दाखलाही आहे, पण इतक्या तुटपुंज्या मजुरीत काम करायला माणूस मिळत नाही. मोजायला खाट सोपी, म्हणून शासन खाट मोजते. हातांची मोजणी करायला गेले की मालकसंघटना न्यायालयात धाव घेतात.

यावर बाजारवाद्यांचा उपाय ठरलेला आहे : दाखला रद्द करा, स्पर्धा येऊ द्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. दाखल्याच्या सुनावणीत जुना मालक उभा राहून नव्या अर्जदाराला हरकत घेऊ शकतो. लगाम म्हणून आणलेला कायदा जुन्यांची मिरासदारी होऊन बसतो. ज्या राज्यांनी नर्सिंग होमवरचा लगाम काढला तेथे मेडिकेडचा खर्च भरमसाट वाढल्याचेही २००३ च्या एका अभ्यासात दिसले नाही, म्हणजे राज्यांची भीती अवास्तव होती. पण स्पर्धा कोणत्या गिऱ्हाइकासाठी होईल? फ्लोरिडाने २०१९ साली रुग्णालये आणि पुनर्वसनाच्या विशेष खाटा दाखल्यातून मोकळ्या केल्या. नर्सिंग होम मात्र अडकवूनच ठेवली. दक्षिण कॅरोलायनाने २०२३ साली तेच केले. ज्या खाटेवर चांगला दर मिळतो ती मोकळी, आणि ज्या खाटेवर गरीब म्हातारा निजणार ती बंधनात.

आणखी एक बाजू आहे, जी मला स्वतःला अस्वस्थ करते. खाटा वाढवा ही मागणी तरी खरी आहे का? १९९९ साली ओल्मस्टेड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जो माणूस योग्य मदतीने समाजात राहू शकतो त्याला विनाकारण संस्थेत ठेवणे हाच भेदभाव आहे. अपंगांच्या चळवळी कित्येक वर्षे हेच ओरडून सांगत होत्या. पैसा इमारतीला न देता माणसाला द्या. मदतनीस त्याच्या घरी येऊ द्या. हे बरोबरच आहे. पण ज्याचे घर दुसऱ्या मजल्यावर आणि भाड्याचे, ज्याची मुलगी दोन पाळ्या करते, त्याच्या घरी कोण येणार? गोऱ्या मध्यमवर्गाने नर्सिंग होम सोडून सुखसोयींच्या वृद्धनिवासांची वाट धरली आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या खाटा काळ्यांच्या वाट्याला आल्या, असेही काही अंशी घडले आहे. अमुक संस्थेत आता आपली माणसे दिसू लागली म्हणून आनंद मानण्यापूर्वी त्यांच्या आधी तेथून कोण उठून गेले हेही पाहावे लागते.

आपल्याकडे ब्लॅक पँथर म्हटले की काळी बेरेट आणि बंदूक आठवते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्यांचेच नाव घेऊन. पण त्याच ब्लॅक पँथरांनी १९७० च्या सुमारास शहराशहरांत मोफत दवाखाने चालवले होते, ही त्यांच्या राजकारणाची बाजू आपल्याकडे फारशी चर्चिली गेली नाही. आरोग्याचा प्रश्न आपण डॉक्टरांवर सोडून दिला.

महाराष्ट्रात खाटांना कमाल मर्यादा नाही. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. तो जागा, स्वच्छता, परिचारिका पाहून नोंद करतो, गरज विचारत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम काढण्याची तरतूद केली, पण राज्य सरकार ते ‘काढू शकेल’, अशा शब्दांत. टेनेसीच्या यादीशी ज्याचे नाते सांगता येईल असा मात्र एक नियम आपल्याकडे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत. त्यासाठी उत्पन्नाच्या दोन टक्क्यांचा वेगळा निधीही ठेवायचा आहे.

माझ्या चुलत्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा अशाच एका रुग्णालयाच्या खिडकीपुढे मी दीड दिवस काढला. हातात पिवळे रेशनकार्ड, तहसीलदाराचा दाखला. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. तो दर वेळी संगणकाकडे पाहून एकच वाक्य म्हणे, ‘निर्धन खाट भरलेली आहे.’ वॉर्डात मी स्वतः रिकाम्या खाटा पाहून आलो होतो. तसे म्हटल्यावर तो म्हणाला, ‘त्या खाटा वेगळ्या.’ काका पुढे सरकारी रुग्णालयात जमिनीवरच्या गादीवर राहिले. त्यांना पुन्हा चालायला शिकवणारे कोणी तेथे नव्हते. उजवा हात अखेरपर्यंत वळला नाही.

त्या वेळी मला एवढेही माहीत नव्हते, की किती खाटा राखीव आहेत, त्या कोणत्या, आणि मागच्या वर्षी त्यांवर किती निर्धन रुग्णांना घेतले, याचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे मागता येतो. माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज, मराठीत, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. लिंटन खटल्यातले ३९.४ आणि १५.४ हे आकडेही कोणीतरी असेच कागद मागून, बसून मोजले होते.